चार रविवारांचा नियम

हा नियम माझा होता. पाळकसाहेबांचा नव्हे, कमिटीचा नव्हे, माझा. पुढे कमिटीने तसा ठराव केला, इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ असा शब्द पडला; पण सर्वानुमते म्हणजे काय ते चर्चच्या कमिटीत बसलेल्या कोणालाही विचारा. एक जण बोलतो आणि बाकीचे चहा कधी येतो त्याची वाट बघतात. त्या दिवशी बोलणारी मी होते. आता तो नियम राहिलेला नाही, पण ठराव वहीत आहे आणि सूचक म्हणून त्याखाली माझी सही आहे.

शाळेतून हेडबाई म्हणून निवृत्त झाले आणि सहा महिन्यांच्या आत नगरच्या आमच्या चर्चमधल्या चार गटांत माझं नाव लागलं. वेदीची वस्त्रं धुऊन इस्त्री करणाऱ्या बायकांचा गट, उपासनेत शास्त्रपाठ वाचणाऱ्यांचा गट, आजाऱ्यांच्या घरी भेटी देणारा गट आणि प्रार्थना गट. नवरा म्हणायचा, ‘आता एक वेदी घरातच मांड, म्हणजे तुझी ये-जा तरी वाचेल.’ मी हसायचे, पण मनातून मला ते आवडायचं. माझ्याशिवाय चर्चचं पान हलत नाही असं कोणी म्हटलं तर मी नाही नाही म्हणायचे आणि ते वाक्य घरी येऊन पुन्हा एकदा आठवायचे.

प्रार्थना गटाचं काम असं. दर रविवारी उपदेश झाला की आमच्यापैकी एकाने पुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागायचं; बहुतेक ती मीच असायचे. आधी देशासाठी, पावसासाठी, बिशपसाठी, शाळांसाठी, आणि मग आजाऱ्यांसाठी. आजाऱ्यांचं नाव आमच्याकडे पूर्ण घेतात. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आडनाव आणि शेवटी गाव. आमची मंडळी निम्मीअधिक खेड्यांतून आलेली आहे, त्यामुळे गावाचं नाव आलं की बाकांवर माना वळतात. कोण, कोणाची, काय झालंय, हे सगळं तिथेच कळतं. ज्यांच्या घरचं नाव असतं ती माणसं त्या क्षणासाठी आलेली असतात.

पण यादीत नाव घालायला सगळे येतात, काढायला कोणी येत नाही. आमच्या क्वायरमध्ये खालच्या पट्टीत गाणारे एक काका आहेत. त्यांचा मूतखडा दोन वर्षांपूर्वी पडून गेला, तरी त्यांचं नाव यादीत होतं. नाव आलं की ते स्वतःच सगळ्यांत मोठ्याने ‘आमेन’ म्हणायचे. यावर सगळे हसायचे, मीही हसायचे. पण गेल्या नाताळात हसू गेलं. एका बाईंना आम्हीच दिवाळीच्या सुमारास मूठमाती दिली होती, आणि नाताळपर्यंत दर रविवारी आम्ही त्यांना बरं वाटावं म्हणून प्रार्थना करत होतो. त्यांच्या मुलीने मला दारात गाठलं. ती रागावली नाही. ‘तुम्ही न बघता वाचता का?’ एवढंच तिने विचारलं.

चाळीस वर्षं हजेरीपट सांभाळलेल्या बाईला हा प्रश्न फार लागला. जानेवारीच्या कमिटीत मी ताठ बसून नियम मांडला. आजाऱ्याचं नाव चार रविवार वाचायचं. पाचव्या रविवारी ते आपोआप निघेल. पुढे हवं असेल तर घरच्यांनी वहीत पुन्हा लिहायचं, नाहीतर मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला कळवायचं. वही पाळकसाहेब झगा चढवतात त्या खोलीत टेबलावर राहील. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारपासून लागू. पाळकसाहेबांनी फक्त विचारलं, ‘ज्यांच्या घरी कळवणारं कोणी नाही त्यांचं काय?’ मी म्हटलं, ‘आपला भेटींचा गट आहे ना, त्याने बघायचं.’ उत्तर इतकं तयार होतं की मलाच माझं कौतुक वाटलं.

मार्चच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दुपारी मी जेवणाच्या टेबलावर यादी आणि लाल पेन घेऊन बसले. ज्यांनी कळवलं त्यांची नावं ठेवली, बाकीच्यांवर रेघ. मूतखडा गेला. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. आवराआवर करताना मला नेहमीच बरं वाटतं. आणि मग तळाला बायबलबाईंचं नाव आलं.

बायबलबाई म्हणजे काय, हे आता आमच्या तरुण मुलांनाही सांगावं लागतं. खेड्यापाड्यांत पायी फिरून बायकांना अक्षरओळख करून देणारी, शास्त्रातल्या गोष्टी सांगणारी, बाळंतिणीच्या उशाशी बसणारी मिशनची बाई. या बाई तिसगावच्या पलीकडच्या एका गावात सगळं आयुष्य होत्या. माझे वडील तिथे जवळच्या शाळेत मास्तर होते, तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. मोठ्याने वाचायला मला त्यांनी शिकवलं. मला छोट्या देवळात, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, पुढे उभं करायच्या आणि स्वतः बाहेर लिंबाखाली जाऊन थांबायच्या. तिथपर्यंत शब्द पोचला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. ‘शेवटचा शब्द गिळायचा न्हाई पोरी,’ म्हणायच्या, ‘मागं बसलेलीनं काय घोडं मारलंय?’

आता त्या पंचाऐंशीच्या पुढे. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. गावातली बाकीची ख्रिस्ती घरं पुण्याला, पिंपरीला गेली, त्यांच्या दारांना कुलपं आहेत. दीड वर्षापूर्वी बाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवर. त्यांचं सगळं बघायची ती शेजारीण. शेतकरी घरातली, पन्नाशीची बाई. मिशनच्या जागेला लागूनच त्यांच्या शेताचा बांध आहे. एके काळी या दोन घरांत पाण्याचा तांब्यासुद्धा इकडून तिकडे जात नसे, हे मला माझ्या लहानपणापासून माहीत आहे. आता ती दोन वेळा भाकरी आणायची, गोळ्या द्यायची, वेणी घालायची. आणि रविवारी साडेनऊला स्वतःचा मोबाईल घेऊन यायची. आमच्या तरुण संघाची मुलं उपासना मोबाईलवर लाईव्ह दाखवतात, ती बाईंना ऐकवायला.

हे मला माहीत होतं. मागच्या वर्षी भेटायला गेले होते तेव्हा बाईंनीच सांगितलं होतं. ‘माझं नाव तुझ्या तोंडून येतं,’ म्हणाल्या. ‘आठवडाभर तेवढ्यासाठी थांबते मी. आता न्हाई गिळत तू शब्द.’

म्हणून त्या दुपारी मी थांबले. चांगली दोन मिनिटं थांबले. त्यांच्या बाजूने कोणी कळवलेलं नव्हतं. कळवणार तरी कोण? भेटींच्या गटात तिसगावकडची गावं माझ्याकडे होती. म्हणजे त्यांच्या वतीने कळवणारी मीच, आणि कळवायचं तेही मलाच. पण मला वाटलं, सूट द्यायला आपल्याच माणसापासून सुरुवात केली तर उद्या मूतखडेवाल्या काकांना काय तोंड दाखवायचं? या आठवड्यात कोणाला तरी फोन करू, रीतसर वहीत लिहून घेऊ, मग पुन्हा लावू. आणि मी रेघ मारली. फोन त्या आठवड्यात झाला नाही, पुढच्याही नाही. दर रविवारी यादी वाचताना ती जागा यायची, आणि मी तिथून पुढे जायचे. यादी आटोपशीर झाली म्हणून तीन जणांनी माझं अभिनंदन केलं.

ईस्टरच्या आठवडाभर आधी झावळ्यांचा रविवार येतो. त्याच्या आधी अंथरुणावरच्या माणसांना घरी जाऊन प्रभुभोजन देण्याची आमच्याकडे पद्धत आहे. पाळकसाहेबांच्या गाडीत छोट्या पेटीत पेला आणि भाकरीची डबी घेऊन आम्ही दोघं निघालो. तिसगाव बाजूची तीन घरं होती, बाईंचं शेवटचं.

दारातच मला काहीतरी वेगळं वाटलं. अंगण झाडलेलं नव्हतं. माठावर झाकण नव्हतं. खाटेजवळ ताटलीत अर्धी भाकरी वाळून वाकडी झाली होती. बाईंचे केस विस्कटलेले, पातळ कधीचं बदललेलं नाही. गावातली कोणी मुलगी दिवसातून एकदा येऊन काहीतरी ठेवून जाते, असं त्यांनी तुटक सांगितलं. मी शेजारणीचं विचारलं तर त्या भिंतीकडे बघत राहिल्या. तेवढ्यात पाळकसाहेबांचा फोन वाजला आणि ते अंगणात गेले. बाईंनी माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, पण सोडलंही नाही.

‘तुमाला कळलं ना?’ त्यांनी हळू विचारलं.

त्यांना ऐकू कमी येतं म्हणून मी कानाशी वाकून विचारलं, ‘काय कळलं, बाई?’

‘दोऱ्याचं.’

मला काहीच समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. होळी झाल्यावर शेजारीण मढीच्या यात्रेला गेली होती. तिकडून तिने काळा दोरा आणला.

‘म्हनली, बाई, लई दुखतं तुमाला, रातच्याला कन्हता, बांधू द्या एवढा. मी नगं म्हनायला पायजे हुतं. जलमभर लोकांच्या हातातले दोरे सोडवत फिरले मी. पन ती त्या गर्दीत उनातानाची हुबी ऱ्हाऊन घेऊन आल्ती. मी हात म्होरं केला.’ त्या थांबल्या. ‘त्याच्या आधी दोन रविवार मोबाईलला रेंज न्हवती म्हनं. मग मला ऱ्हावलं न्हाई. दोरा बांधल्यावरचा जो रविवार आला, त्या दिवशी मीच मोबाईल कानाला लावून बसले. समदी यादी ऐकली. माझं नाव न्हाई. तवा कळलं, मंडळीला समजलंय.’

‘काय समजलं?’ मी विचारलं.

‘की मी दोरा बांधून घेतला. आता माझ्यासाठी मागायचं न्हाई, असं ठरलं असंल. बरोबरच हाय तुमचं.’ त्यांनी डावं मनगट दाखवलं. तिथे आता काही नव्हतं, एक ओरखडा होता. ‘विळ्यानं तोडला मी. आन तिला म्हनलं, तुझ्यापायी माझं नाव कापलं मंडळीनं. परत माझ्या दारात पाय ठिवू नगंस. ती काय बोलली न्हाई. भाकरी ठिवून गेली. मी ती कोंबड्यांना टाकली.’

मला तेव्हा काय बोलायचं होतं ते मला पूर्ण माहीत होतं. एक वाक्य होतं. बाई, तुमचं नाव मी खोडलं, नियम पाळायचा म्हणून, दोऱ्याचं कोणालाच ठाऊक नाही. एवढंच. पाळकसाहेब अंगणात फोनवर हसत होते, वेळ होता. मी ते वाक्य बोलले नाही. कारण मग त्यांनी विचारलं असतं, का खोडलंस? आणि माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. म्हणून मी काय केलं, तर त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, ‘देव क्षमा करणारा आहे, बाई.’ आणि डोळे मिटून प्रार्थना केली. त्यांच्या पापाची क्षमा व्हावी म्हणून. त्यांच्या. त्या रडल्या, त्यांना बरं वाटलं. ‘म्होरल्या रविवारी घेशीला ना नाव?’ त्यांनी विचारलं.

‘घेऊ,’ मी म्हटलं.

मग पाळकसाहेब आत आले आणि आम्ही प्रभुभोजन केलं. त्याआधी सगळ्यांनी मिळून पापकबुली म्हणायची असते. मी म्हटली, मोठ्याने आणि स्पष्ट, शेवटचा शब्द न गिळता. पेला माझ्यापुढे आला तेव्हा मी तोही घेतला. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या असतील, पण त्या दहा मिनिटांइतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

परतताना करंजीच्या घाटात पाळकसाहेब म्हणाले, ‘बाई फार खचल्यात. ती शेजारची बाई येत नाही वाटतं?’ मी म्हटलं, ‘हो ना, कोणाला तरी बघायला सांगायला हवं.’ एवढं बोलून मी खिडकीबाहेर बघत राहिले.

झावळ्यांच्या रविवारी मी त्यांचं नाव पुन्हा वाचलं. गावासकट, पूर्ण. वाचता वाचताच माझ्या लक्षात आलं की हे ऐकणार कोण? मोबाईल शेजारणीचा. आणि समजा कुठून तरी त्यांच्या कानावर गेलंच, तर त्यातून त्यांचंच म्हणणं खरं ठरणार होतं. दोरा बांधला, नाव गेलं. दोरा तोडला, शेजारणीला हाकललं, नाव परत आलं. मी दुरुस्त करायला गेले ते मी पक्कं करून ठेवलं होतं.

तो सगळा पवित्र आठवडा मी कामात काढला. ईस्टरसाठी वेदीची पांढरी वस्त्रं दोनदा धुतली, नीळ जास्त झाली म्हणून तिसऱ्यांदा. गटातल्या बायका म्हणाल्या, ‘यंदा तुमचा उत्साह फार.’ शेवटी नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ दे, तुझा हेतू वाईट नव्हता. त्याने जेवताजेवता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘मला सांगून काय उपयोग? मी थोडाच बसलोय तिथे उपाशी.’ आणि आमटी वाढून घेतली. मला त्याचा राग आला. दोन दिवस आला. तिसऱ्या दिवशी, ईस्टर झाल्यावरच्या मंगळवारी, मी एस.टी.त बसले.

तिसगावला उतरून जीप, जीपमधून फाट्यावर उतरून पायी. सोबत मऊ खिचडीचा डबा घेतला होता. डबा हा बहाणा आहे हे मला माहीत होतं. बाईंना चार घास भरवले, तोंड पुसलं, केसांतून फणी फिरवली. हे सगळं मी लांबवत होते. शेवटी खाटेच्या कडेला बसून त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. नियम सांगितला, लाल पेन सांगितलं, दोन मिनिटं थांबले होते तेही सांगितलं. सांगताना माझा आवाज मुलीसारखा झाला होता.

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग एकेक प्रश्न आला.

‘म्हंजी दोऱ्याचं तुमाला ठावंच न्हवतं?’

‘नाही.’

‘पाद्रीसायबाला?’

‘नाही. अजूनही नाही.’

‘आन तवा तू इथंच बसल्ती. माझ्या डोक्यावर हात ठिवून.’

‘हो, बाई.’

मी वाट बघत होते की त्या मला बोलतील. लहानपणी बोलायच्या तसं, पुन्हा पहिल्यापासून म्हणून. पण त्यांच्या मनात मी नव्हतेच.

‘मी लई वंगाळ बोलले गं तिला,’ त्या म्हणाल्या. ‘तिची भाकर कोंबड्यांना टाकली, तिच्या देखत. जा, तिला बोलव. माझ्यानं जाववत असतं तर मी गेले असते.’

बांध ओलांडून गेले. शेजारीण पडवीत कांद्याच्या ढिगाजवळ बसून विळ्याने पात कापत होती. मला ओळखलं, पण बसा म्हणाली नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चूक माझी आहे, दोऱ्याचा काही संबंध नाही, बाईंना आता कळलंय, त्या तुम्हाला बोलवतायत. ती पात कापत राहिली. मला वाटलं, तिला आमच्या चर्चचं काही समजत नसेल, म्हणून मी पुन्हा सोपं करून सांगू लागले. चार रविवार झाले की नाव निघतं, असं आम्ही ठरवलं होतं.

‘कळलं मला,’ ती म्हणाली. ‘नाव गेलं ते तुमी सांगायच्या आधीपासनं मला ठावं हाय.’

‘म्हणजे?’

तिने विळा खाली ठेवला. ‘मोबाईल माझ्या हातात असायचा. बाईंला ऐकू येत न्हाई, म्हनून नाव आलं की मी त्यांचा हात दाबायची. मग त्या डोळं मिटायच्या. तुमची समदी यादी मला पाठ हाय, कुनाच्या मागनं कुनाचं येतं ते. त्या रविवारी यादी सपली. नाव न्हाई. बाई माझ्या तोंडाकडं बघत्यात. काय सांगू? म्हनलं, रेंज गेली वो मधीच, तेवढंच हुकलं. दुसऱ्या रविवारीबी तुमी वाचलं न्हाई. म्हनलं, आजबी रेंज गेली.’

रेंज गेली नव्हती. बाईंनी मला रेंजचं सांगितलं होतं आणि मी त्याचा विचारही केला नव्हता.

‘मला वाटलं, तुमी लोकांनी सोडून दिलं त्यास्नी,’ ती म्हणाली. ‘डाक्टर कसा हात टेकतो तसं. मनात आलं, आता हिच्यासाठी देवापाशी मागनारं कुनी उरलं न्हाई. मग मी मढीला गेले. तुमच्याकडचं बंद झालं, म्हनून आमच्याकडं मागितलं. दोरा त्याचा हुता.’

इतके दिवस मी समजत होते की दोरा आणि माझी रेघ यांची एका रविवारी गाठ पडली, एवढंच. दैवयोग, माझ्या चुकीवर पडलेली आणखी एक भर. तसं नव्हतं. नाव आधी गेलं होतं. नाव गेलं म्हणून दोरा आला होता. ज्या रविवारी मी यादी आटोपशीर झाल्याबद्दल अभिनंदन घेत होते, त्या रविवारी ही बाई खाटेजवळ बसून माझ्याऐवजी खोटं बोलत होती.

‘तुम्ही हे त्यांना का नाही सांगितलं? त्यांनी हाकललं तेव्हा?’ मी विचारलं.

‘काय सांगू? का तुमच्या देवळानं तुमाला आधीच काढलं हुतं म्हनून?’ ती म्हणाली. ‘माझ्यापायी नाव गेलं असं वाटलं तर त्या माझ्यावर चिडतीला. चिडू द्या. पन तुमी काढलं असं कळलं असतं तर त्या मेल्या असत्या.’

आणि मी नुकतीच तेच सांगून आले होते, कानाशी लागून, सविस्तर. माझं मन हलकं व्हावं म्हणून. ते तिला सांगायचं धैर्य झालं नाही, पण तिला समजलं असावं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा विळा उचलला.

‘येता ना?’ मी विचारलं.

‘येते की. न येऊन कुठं जानार? भाकरी टाकते आन येते.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘पन तुमी निघा आधी. तुमच्या म्होरं न्हाई यायची मी.’

तिचा आवाज चढलेला नव्हता. मी बरं म्हटलं आणि बाईंकडे परत आले. येतेय म्हणून सांगितलं. त्यांनी मला धरून उठवायला सांगितलं, भिंतीला टेकून बसल्या, पदर नीट केला. शेजारणीने काय सांगितलं ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ‘मग नीघ तू,’ त्या म्हणाल्या, ‘जीप चुकंल. ती यायच्या आत जा.’

मी डबा पिशवीत टाकला आणि निघाले. बांधावर ती समोरून येत होती, हातात झाकलेलं ताट. वाट एकाच माणसापुरती होती. मी चपलांसकट नांगरलेल्या ढेकळांत उतरले आणि ती माझ्याकडे न बघता पुढे गेली.